मिठाचा अंदाज

मेडिकलमधून सोडताना कागदावर लिहून दिलं:
तिखट नको. तेलकट नको. धुरापासून दूर.
मी म्हटलं, म्हणजे मॅडम, धंदाच नको.
टेंभुर्णे मॅडम हसल्या नाहीत.
एक्स-रे खिडकीकडे धरून दाखवला:
उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरं साचलेलं,
भांड्याला पेज चिकटून वाळते तसं.
"हे खरवडून निघत नाही," म्हणाल्या,
"हळूहळू विरतं. तोवर खा. थोडं थोडं, पण खा."

तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढलं मी
गोळीबार चौकात, सावजी रश्श्यानं.
आता माझ्यापुढे वाटीभर मुगाचं पाणी,
जिऱ्याचे चार दाणे,
आणि वच्छलाचा चेहरा.
"पिऊन घ्या मुकाट्यानं."

दर दोन तासांनी काहीतरी येतं वरच्या खोलीत.
मऊ भात. उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट.
ज्वारीची आंबील, कोमट.
पोट गच्च भरलं की श्वासाला बसायला जागा उरत नाही,
हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.
घास गिळायचा. थांबायचं.
एक श्वास आत, मग पुढचा घास.

उमरेडची आत्या आली, दारातूनच ओरडली:
"काहून देता त्याले संत्र? कफ होते न बाप्पा!"
वच्छलानं पिशवी पदराआड केली.
आत्या गेल्यावर मी एक सोललं.
दहा फोडी. अर्धा तास.
बिया खिडकीच्या चौकटीवर रांगेनं ठेवल्या
अन् मोजल्या, कुणाला हिशोब द्यायचा असल्यासारख्या.

तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र:
ओढायचं, फुंकायचं नाही, हे दहादा विसरलो.
पहिली गोळी उठते.
दुसरी थरथरते.
तिसरी तळाशीच, न शिजलेल्या वाटाण्यासारखी.
गज्जू म्हणतो, काका, शर्यत लावू का?
नको रे बाबा. तू खाली भाकरी बघ.

खाली भट्टी चालूच आहे.
मसाला मात्र आता घरात भाजत नाहीत.
वच्छला कढई घेऊन धकातेंच्या गच्चीवर जाते,
ऊन डोक्यावर असताना,
आणि खोकत खोकत परतते.
तिचा खोकला मी वरून ऐकतो.
तिच्यासाठी कागद कुणी लिहिलेला नाही.

मला वास येत नव्हता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.
आचाऱ्याचं नाक गेलं म्हणजे
विणकराची बोटं गेल्यासारखं.
बाप मागावर बसायचा. त्याचीही छाती अशीच वाजायची,
सुताची कुसं आत जाऊन जाऊन.
त्याला काय दिलं होतं खायला?
आठवत नाही.
बहुतेक आम्ही खात होतो तेच.

बाविसाव्या दिवशी, दुपारी,
जिन्यावरून वास चढत आला.
आधी धणे. मग जायपत्री.
मग बऱ्याच वेळानं, लाजत, खसखस.
मी पलंगाच्या कडेला बसलो, पाय खाली सोडून.
छातीत घरघर होतीच, पण नाकात जत्रा.

वच्छला पळी घेऊन आली.
माझ्या तळहातावर थेंबभर रस्सा टाकला,
जसा मी तीस वर्षं स्वतःच टाकत आलो.
"मीठ पाहा. नुसती जीभ लावा, गिळू नका."

मीठ बरोबर होतं.
तर्री माझ्यापेक्षा पातळ, कमी तेलाची,
आणि तिखट असं, की घशाला न चावता
मागे येऊन गुपचूप उभं राहणारं.
ते मला कधी जमलं नाही.
गिऱ्हाईक कमी झालेलं नाही,
हे गज्जूनं आधीच सांगून टाकलं होतं.

"जरा कमी आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग पदरानं माझा हात पुसला,
"बरं," म्हणाली,
अन् जिना उतरून गेली.
मी कान देऊन बसलो.
मिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज
काही आला नाही.